स्थानिक कार्यक्रमांचे संकेतस्थळ दिव्यांगांसाठी सुगम्य कसे करावे

एखाद्या शहरातील नाटके, गाण्याच्या मैफली, व्याख्याने आणि शिबिरे यांची माहिती देणारे संकेतस्थळ चालवणाऱ्याकडे ही माहिती बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरील पोस्टरच्या रूपात येते. ते पोस्टर जसेच्या तसे चढवले की डोळस वाचकाचे काम भागते; मात्र स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, वापरणाऱ्या अंध वाचकाला तेथे ‘प्रतिमा’ हा शब्द किंवा फाइलचे निरर्थक नाव एवढेच ऐकू येते. त्यामुळे सुगम्यतेच्या कामाचा आरंभ रंगसंगतीपासून किंवा पानाच्या कोपऱ्यात बसवायच्या एखाद्या तयार विजेटपासून न करता या पोस्टरपासूनच करावा. (अक्षरे मोठी करणारी अशी विजेटे विकणारे पुष्कळ आहेत, पण ज्यांना मोठी अक्षरे लागतात त्यांच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये ती सोय आधीच असते.)

पोस्टरवरील प्रत्येक माहिती पानावर मजकूर म्हणून लिहावी. त्यात कार्यक्रमाचे नाव, सादरकर्ते, दिनांक, वार, वेळ, स्थळाचा पूर्ण पत्ता, तिकिटाचा दर आणि संपर्काचा क्रमांक हे सर्व यावे. एवढे केल्यावर प्रतिमेच्या पर्यायी मजकुरात (प्रतिमेऐवजी स्क्रीन रीडर वाचून दाखवतो त्या वर्णनात) ‘कार्यक्रमाचे पोस्टर, तपशील खाली दिला आहे’ इतके लिहिणे पुरेसे असते. तेथे तोच तपशील पुन्हा दिल्यास ऐकणाऱ्याला तो दोनदा ऐकावा लागतो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय अक्षरसंचातच, असला पाहिजे. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली निमंत्रणपत्रिका पीडीएफ म्हणून आली, तर ती डोळ्यांना मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर त्यातील रोमन अक्षरे आणि चिन्हे वाचू लागतो.

मराठी संकेतस्थळांवर आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे ज्या संगणकीय भाषेत पान लिहिले जाते तिच्यात, भाषा नोंदवण्यासाठी ‘लँग’ (lang) हा गुणधर्म असतो आणि मराठीसाठी त्याचे मूल्य ‘एमआर’ (mr) असे द्यावे लागते. परदेशी साच्यावर उभारलेल्या संकेतस्थळात तेथे इंग्रजीची नोंद तशीच राहिलेली असते, आणि मग स्क्रीन रीडर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजात वाचण्याचा प्रयत्न करतो किंवा तो चक्क गाळतो. पानावर एखादा परिच्छेद इंग्रजीत असेल, तर तेवढ्या भागाची भाषा वेगळी नोंदवावी. संक्षेपही जपून वापरावेत. ‘सायं. ६.३० वा.’ हे पत्रिकेवर शोभते, परंतु ऐकताना त्याचे तुकडे पडतात. ‘सायंकाळी साडेसहा वाजता’ असे लिहिल्यास ऐकणारा आणि वाचणारा दोघेही अडखळत नाहीत.

पानाची रचना

महिन्याची चौकटी असलेली दिनदर्शिका दिसायला सुबक असते, पण कीबोर्डने किंवा ऐकून तिच्यात फिरणे कष्टाचे असते, कारण हवा तो कार्यक्रम सापडेपर्यंत रिकाम्या चौकटींमधूनही जावे लागते. ती ठेवायची असल्यास ठेवावी, पण तिच्या जोडीला तारखेनुसार साधी यादी द्यावी, ज्यात प्रत्येक तारीख हे दुसऱ्या पातळीचे शीर्षक आणि प्रत्येक कार्यक्रम हे तिसऱ्या पातळीचे शीर्षक असेल. स्क्रीन रीडर वापरणारे शीर्षकांवरून उड्या मारत पान चाळतात. त्यामुळे केवळ अक्षरे ठळक करून शीर्षकाचा आभास निर्माण करू नये. प्रत्येक कार्यक्रमाखाली ‘अधिक माहिती’ असाच दुवा दिल्यास दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला कोणता दुवा कशाचा हे कळत नाही. म्हणून दुव्याच्या शब्दांतच कार्यक्रमाचे नाव यावे.

वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील ‘एए’ ही तीनपैकी मधली पातळी हे व्यवहार्य उद्दिष्ट आहे. त्यानुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे (कॉन्ट्रास्टचे) प्रमाण किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १ असावे लागते. आपल्या उत्सवी पानांवर सर्रास दिसणारी केशरी रंगावरील पांढरी अक्षरे या कसोटीला बहुधा उतरत नाहीत. मजकूर २०० टक्के मोठा केल्यावरही तो कापला जाता कामा नये. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमध्ये मुळातच थोडे अधिक अंतर ठेवावे. अक्षरांमधील अंतर शोभेसाठी वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि मंददृष्टी वाचकाला शब्द ओळखणे अवघड जाते. आपोआप सरकणाऱ्या चित्रपट्ट्या शक्यतो टाळाव्यात. ठेवल्याच तर त्या थांबवण्याचे बटण द्यावे.

तिकीटविक्रीचे पान असल्यास आसनांच्या नकाशावर हिरवा म्हणजे रिकामे आणि लाल म्हणजे विकलेले एवढाच भेद ठेवू नये. रंगांधळ्या वाचकासाठी खूण आणि अंध वाचकासाठी ‘रांग ड, आसन १२, रिकामे’ अशी शब्दांतली यादी हवी. अर्जातील प्रत्येक रकान्याला त्याचे नाव पानाच्या एचटीएमएलमध्येच जोडलेले असावे, आणि चूक झाल्यास ती कोणत्या रकान्यात झाली हे शब्दांत सांगावे. वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा काढून टाकावा.

स्थळाविषयीची माहिती

वरील सर्व काटेकोरपणे केले आणि स्थळाविषयी काहीच सांगितले नाही, तर चाकाची खुर्ची वापरणारा रसिक पान उत्तम वाचू शकेल, पण घराबाहेर पडायचे की नाही हे ठरवू शकणार नाही. माझ्या मते स्थानिक संकेतस्थळाची खरी उपयुक्तता येथेच आहे, कारण ही माहिती अन्यत्र सहसा एकत्र मिळत नाही. ‘दिव्यांगांसाठी सोय उपलब्ध’ या वाक्याने काहीही कळत नाही. प्रवेशद्वाराशी किती पायऱ्या आहेत, उतार आहे का, लिफ्ट कोणत्या मजल्यापर्यंत जाते, प्रसाधनगृहाच्या दाराची रुंदी किती सेंटिमीटर आहे, सभागृहात खुर्ची कोणत्या रांगेशी उभी करता येते आणि रिक्षा दारापर्यंत येते का, हे स्वतंत्रपणे लिहावे. सोय नसेल तर ‘नाही’ असे स्पष्ट लिहावे, आणि विचारपूस झालेली नसेल तर ‘माहिती मिळालेली नाही’ असे लिहावे. या दोन उत्तरांत मोठा फरक आहे. शहरातील सभागृहे तीच ती असल्यामुळे प्रत्येक स्थळाचे एक पान एकदाच तयार करून कार्यक्रमांना जोडता येते. नकाशा दिला तरी जवळच्या बसथांब्यापासूनचा रस्ता शब्दांतही सांगावा.

कर्णबधिर प्रेक्षकांसाठी भारतीय सांकेतिक भाषेतील दुभाषी किंवा बोलणे पडद्यावर लिहून दाखवणारा मजकूर असेल का, तसेच ढोल-ताशे, फटाके किंवा लुकलुकणारे दिवे असतील का, याचीही नोंद करावी. मोठा आवाज सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलांच्या पालकांना आणि अपस्मार असलेल्यांना तिचा उपयोग होतो. आयोजक आपण होऊन हे कळवत नाहीत, म्हणून माहिती पाठवण्याच्या अर्जातच हे रकाने अनिवार्य करावेत. कोणी कुरकुर केल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानणारा सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल यांचा दाखला देता येतो.

पडताळणी

माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब कळीने मुखपृष्ठापासून तिकिटापर्यंत जाऊन पाहावे आणि आपण कोठे आहोत हे प्रत्येक टप्प्यावर दिसते का ते तपासावे. त्यानंतर विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर आणि अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करून मराठी आवाजात एक कार्यक्रम पूर्ण ऐकावा. स्वयंचलित तपासणीची साधने अपुरा कॉन्ट्रास्ट किंवा सुटलेला पर्यायी मजकूर पकडतात, पण लिहिलेले वाक्य समजते की नाही हे त्यांना कळत नाही. त्यासाठी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दोन-तीन व्यक्तींना योग्य मानधन देऊन पान वापरायला द्यावे. त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्यांपैकी तिकीट काढणे किंवा स्थळ शोधणे ज्यामुळे अडते, त्या आधी कराव्यात, आणि पुढील तक्रारींसाठी दूरध्वनी क्रमांक व ईमेल असे दोन्ही मार्ग प्रत्येक पानाच्या तळाशी द्यावेत, कारण कर्णबधिर व्यक्तीला केवळ दूरध्वनीचा उपयोग नसतो.