फळमाशीचा आहार, जनुके आणि वार्धक्य : या चुका टाळा

अन्न कमी केल्यावर माश्या जास्त हिंडू लागल्या, म्हणजे त्या तरुण राहिल्या, असा निष्कर्ष नवे अभ्यासक घाईने काढतात आणि माझ्या मते सर्वांत मोठी फसगत इथेच होते. उपाशी माशी अन्न शोधत धावते. त्यामुळे हालचाल मोजण्यासाठी नळीतून सोडलेला अवरक्त किरण तिने ओलांडल्याच्या नोंदी वाढतात, पण त्यावरून तिच्या शरीराचे वय कळत नाही. दिवसभराची बेरीज न पाहता नोंदी तासवार मांडाव्यात. पोट भरलेली तरुण माशी दिवा लागण्याच्या आणि मालवण्याच्या सुमारास सर्वाधिक फिरते व दुपारी विसावते. रात्रीही धावपळ थांबत नसेल, तर आधी भुकेची शंका घ्यावी. जोडीला चढण्याची चाचणी करावी : नळी हलकेच आपटून माश्या तळाशी पाडायच्या आणि ठरावीक सेकंदांत किती जणी खुणेपर्यंत चढतात ते मोजायचे. वयानुसार ही चढण मंदावत जाते.

अन्न पातळ केल्यावर माशी जास्त खाऊन भरपाई करू शकते, म्हणून प्रत्यक्षात किती खाल्ले गेले तेही मोजावे. यीस्ट आणि साखर दाट असलेल्या अन्नावर तिला पाणीही कमी पडते. ते वेगळे द्यावे, नाहीतर तहानेचा परिणाम आहाराच्या नावावर जमा होतो.

जनुकांच्या बाबतीत तुलनेचा वाण चुकीचा निवडला, तर सारी मेहनत वाया जाते. सर-२ हे जनुक अधिक सक्रिय केल्यास माशीचे आयुष्य वाढते, असे मानले जात होते. २०११ मध्ये हे जनुक सक्रिय केलेला आणि तुलनेचा अशा दोन्ही गटांची जनुकीय पार्श्वभूमी, म्हणजे बाकीची जनुके, सारखी केल्यावर तो परिणाम उरला नाही. म्हणून उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) वाणाचा मूळ वाणाशी निदान सहा पिढ्या संकर करावा. एकाच आहारावर जनुकाची परीक्षा घेणेही धोक्याचे आहे. इन्सुलिनच्या संदेशवहनातील चिको जनुक बिघडलेल्या माश्या नेहमीच्या अन्नावर दीर्घायुषी ठरतात, पण अन्न फार पातळ केले की त्यांची ही आघाडी टिकत नाही.

तापमान सर्व गटांना सारखेच हवे, कारण थंडाव्यात माशी मुळातच जास्त जगते.

शेवटी मोजणी. नळी बदलताना उडून गेलेली माशी मृतांत धरू नये. ती त्या दिवसापर्यंत जिवंत होती, एवढीच नोंद करावी.