ईमेलचा सेव्ह केलेला पासवर्ड अचानक चालेना? या चुका टाळा

रात्री थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये मेल नीट येत होते आणि सकाळी उघडलं तर ‘लॉगिन फेल’ची चौकट. पासवर्ड तर कोणी बदललेला नाही. अशा वेळी बहुतेक जण घाईघाईने ‘फरगॉट पासवर्ड’ दाबून मोकळे होतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. जीमेलचा मुख्य पासवर्ड बदलला की त्यावर बनवलेले सगळे अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे एकेका प्रोग्रॅमसाठी काढलेले वेगळे पासवर्ड, रद्द होतात. मग फोन, टॅब, ऑफिसचा कॉम्प्युटर, सगळेच पासवर्ड मागू लागतात आणि मूळ बिघाड कुठे होता हे कळेनासं होतं.

आधी ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा आणि तोच पासवर्ड हाताने टाकून लॉगिन करून बघा. प्रायव्हेटच का? साध्या विंडोत तुम्ही आधीपासूनच लॉगिन असू शकता, त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही. तिथे मेल उघडला तर पासवर्ड बरोबर आहे. दोष मेल प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शोधायचा.

हल्ली हा दोष बहुतेकदा जुन्या लॉगिन पद्धतीचा असतो. मेल प्रोग्रॅममधून नुसता नाव-पासवर्ड पाठवून आत शिरण्याची सोय गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी 30 मे 2022 पासून बंद केली. हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमसाठी मायक्रोसॉफ्टने ती 16 सप्टेंबर 2024 ला बंद केली. त्यामुळे पासवर्ड अगदी बरोबर असला तरी सर्व्हर ‘चुकीचा’ म्हणून तो परत पाठवतो. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडा. ऑथेंटिकेशन मेथडपुढे ‘नॉर्मल पासवर्ड’ असेल तर ‘ओऑथ२’ (कंपनीच्याच लॉगिन खिडकीतून परवानगी देण्याची नवी पद्धत) निवडा. हाच बदल आउटगोइंग म्हणजे एसएमटीपी सर्व्हरलाही वेगळा करावा लागतो. तो राहिला की मेल येतात, पण जात नाहीत, आणि लोक पुन्हा पासवर्डलाच दोष देतात. मग सेव्ह्ड पासवर्ड्सच्या यादीतून त्या खात्याच्या जुन्या नोंदी काढून टाका आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा. लॉगिनची खिडकी उघडून पुढे सरकत नसेल तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद आहेत का ते पाहा.

प्रोग्रॅम फारच जुना असेल तर जीमेलपुरता अ‍ॅप पासवर्डचा मार्ग आहे. हा सोळा अक्षरी असतो आणि खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) लावल्याशिवाय मिळत नाही. हॉटमेल-आउटलुकला मात्र ही सोय उरलेली नाही.

‘रिट्राय’ दाबत बसू नका. सारखे चुकीचे प्रयत्न झाले तर सर्व्हर काही वेळ दारच बंद करतो. चौकटीतला मजकूरही शेवटपर्यंत वाचा. तिथे ‘टू मेनी कनेक्शन्स’ असं असेल तर भानगड पासवर्डची नाहीच: जीमेल एका खात्याला एका वेळी 15 आयमॅप कनेक्शन (मेल प्रोग्रॅमने मेल वाचण्यासाठी सर्व्हरशी केलेल्या जोडण्या) देतं. एखाद्या डिव्हाइसवरचा मेल प्रोग्रॅम बंद करा, काम होतं.

कंपनीचा किंवा स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर सर्व्हरचं नाव बदललंय का हे आधी विचारा. सेव्ह केलेला पासवर्ड सर्व्हरच्या नावाशी बांधलेला असतो. नाव बदललं की जुनी नोंद सापडत नाही.

आपल्याकडची एक खास चूक म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहणं. पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे देवनागरी अक्षरं गेली हे लक्षातच येत नाही. नोटपॅडमध्ये दोन अक्षरं टाइप करून खात्री करा. कॉपी-पेस्ट करताना शेवटी रिकामी जागा चिकटते, तीही बघा.

प्रायव्हेट विंडोतही पासवर्ड चालला नाही, तरच रिकव्हरीकडे वळा, आणि तीही कंपनीच्या अधिकृत पानावरूनच. सर्च करून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका, कोणालाही ओटीपी सांगू नका. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.