बेदाणा हंगाम सल्ला : रंग बिघडवणारे विकर आणि रॅकवरचे पहिले पाच दिवस

फेब्रुवारीच्या मध्यापासून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठेमहांकाळ आणि जत तालुक्यांत बेदाण्याची शेड भरू लागतात. सौद्यात माल ओतला की व्यापाऱ्याची पहिली नजर जाते ती रंगावर. लांबी, गर, गोडी ही नंतरची. एकाच बागेतला, एकाच दिवशी तोडलेला माल एका शेडमध्ये हिरवा-पिवळा निघतो आणि दुसऱ्या शेडमध्ये लालसर-तपकिरी, याचे कारण बहुतेक वेळा मण्यातल्या एका प्रथिनात असते. त्याचे नाव पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. पुढे त्याला पीपीओ म्हणू. हे प्रथिन कधी जागे होते आणि कशाने थांबते, हे कळले की डिपिंगपासून, म्हणजे घड द्रावणात बुडवण्यापासून, साठवणीपर्यंतची प्रत्येक कृती का करायची ते आपोआप उलगडते.

मण्याच्या आत काय घडते

पीपीओ हे विकर आहे, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. त्याच्या कामाच्या जागी तांब्याचे दोन अणू असतात. निरोगी मण्यात ते पेशीतल्या हरितलवकांत असते आणि ज्यावर ते काम करते ते फिनॉल वर्गातले पदार्थ रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत असतात. मध्ये पातळ पडदे आहेत, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. मणी ठेचला, देठाशी फाटला किंवा उन्हाने भाजला की पडदे फुटतात. मग फिनॉल, विकर आणि हवेतला प्राणवायू एकत्र येऊन क्विनोन तयार होतात आणि ते एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी रंग धरतो. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते, त्यामागेही हेच विकर असते.

घरी करून बघण्यासारखी एक चाचणी आहे. पाच-सहा मणी कापून ताटलीत ठेवा. तेवढेच मणी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून मग कापा. पहिल्या मण्यांचा गर हळूहळू तपकिरी होतो, दुसऱ्यांचा तसा होत नाही. प्रथिनाची साखळी ठरावीक घडीत दुमडलेली असते. तीव्र उष्णतेने ती घडी उलगडते आणि विकर कायमचे निकामी होते. पण आपल्या शेडमधले ३५ ते ४० अंश सेल्सिअस तापमान या विकराला मारत नाही, उलट मानवते. म्हणून शेडमध्ये उष्णतेने विकर मारण्याचा मार्ग आपल्याला बंद आहे. उरतो एकच मार्ग : पाणी लवकर काढून घेणे.

सुकताना पेशींचे पडदे कधी ना कधी फुटणारच, ते टाळता येत नाही. मात्र ते फुटतील तेव्हा आतला रस साखरेने इतका दाट झालेला असावा की विकराला हालचालीला पाणी आणि प्राणवायू पुरेसा मिळू नये. पहिल्या चार-पाच दिवसांत पाणी झपाट्याने गेले तर ही शर्यत आपण जिंकतो. ओला, उबदार आणि दुखावलेला मणी जितके तास तसाच राहील तितका रंग जाईल.

तोडणीआधी

गोडी किमान २२ ब्रिक्स (म्हणजे रसात साधारण २२ टक्के साखर) झाल्याशिवाय बेदाण्यासाठी तोडणी करू नये; थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, सगळ्या जातींना हे लागू आहे. २३-२४ मिळत असेल तर थांबलेले चांगले. ढोबळ हिशोब करून पाहा. तयार बेदाण्यात १५ टक्के पाणी धरले तर १८ ब्रिक्सच्या १०० किलो द्राक्षांतून साधारण २१ किलो बेदाणा निघतो, २३ ब्रिक्सच्या १०० किलोंतून साधारण २७ किलो. शिवाय कमी गोडीच्या मण्यात काढायचे पाणी जास्त, म्हणून तो रॅकवर, म्हणजे शेडमधल्या जाळीच्या कप्प्यांवर, जास्त दिवस ओला राहतो आणि पीपीओला तेवढी मुदत मिळते. कमी गोडीचा माल वजनात आणि रंगात असा दोन्हीकडून मार खातो.

रिफ्रॅक्टोमीटरने मोजताना एकाच घडाचे दोन मणी पिळून समाधान मानू नका. घडाच्या खांद्याचे मणी गोड आणि शेंड्याचे कमी गोड असतात. बागेच्या चारही बाजूंचे आणि मधले, सावलीतले आणि उन्हातले, घडाच्या वरचे, मधले आणि खालचे असे शंभरेक मणी गोळा करून एकत्र रस काढा आणि तो मोजा.

गोडी येते पानातून. पान सुक्रोज बनवते, ती मण्यात उतरते आणि तिथले इन्व्हर्टेज हे विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुकडे करते. पक्व मण्यात या दोन साखरा जवळजवळ समान असतात. म्हणून मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागल्यावर, पाने टिकवणे, भुरीपासून वाचवणे, याला पर्याय नाही. साखर पानातून मण्याकडे वाहून नेण्यात पालाशचा वाटा मोठा आहे, तेव्हा या काळात माती आणि देठ परीक्षणानुसार सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे. नत्र मात्र पाणी उतरल्यानंतर बंद करावे. जास्तीचे नत्र मण्यात आर्जिनिनसारख्या अमिनो आम्लांच्या रूपात साठते, आणि तेच पुढे साठवणीत रंग बिघडवते. त्याचा उलगडा शेवटी येतो. घडावर सीपीपीयू या मणी फुगवणाऱ्या संजीवकाचा जादा वापर झालेल्या बागेत साल जाड होते आणि गोडी उशिरा येते. असा माल बेदाण्याला टाकताना सुकायला वेळ जास्त लागेल हे धरून चाला.

काढणीआधी पाणी हळूहळू कमी करा. कडक ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी सोडले की मणी तडकतात, आणि तडकलेला मणी रॅकवर चढण्याआधीच काळा पडू लागतो.

तोडणी ते डिपिंग

दव उडाल्यावर तोडणी सुरू करा आणि ऊन चढण्याआधी संपवा. दवाने ओला घड डिपिंगचे द्रावण पातळ करतो. तोडलेला मणी जिवंत असतो, श्वसन करतो, त्यात साखर आणि मॅलिक आम्ल जळते आणि उष्णता बाहेर पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. उन्हात थप्पी लावून ठेवलेल्या क्रेटमधला मधला माल म्हणूनच आतून तापतो. क्रेट सावलीत ठेवा, अर्धवटच भरा, आणि त्याच दिवशी डिपिंग उरका.

फुटके, कुजके, उन्हाने भाजलेले मणी डिपिंगआधी कात्रीने काढा. ही मजुरी वाचवू नका. कुजलेल्या मण्यांवर वाढणाऱ्या काही बुरशी लॅकेज नावाचे आणखी एक विकर सोडतात. ते पीपीओपेक्षा अधिक प्रकारच्या फिनॉलवर काम करते आणि गंधकालाही सहज दबत नाही. काळ्या बुरशीच्या काही जाती ऑक्राटॉक्सिन हे विष तयार करतात, जे सुकवल्याने नष्ट होत नाही. निर्यातीच्या मालात त्याची तपासणी होते.

डिपिंगचे द्रावण

मण्याच्या सालीवर मेणाच्या बारीक पापुद्र्यांचे एकावर एक थर असतात. पाणी बाहेर न जाऊ देणे हेच त्यांचे काम, म्हणून काही न लावलेली द्राक्षे सुकायला तीन-चार आठवडे घेतात. डिपिंग ऑइलमधले इथाइल ओलिएट या पापुद्र्यांच्या फटींत शिरते आणि पाण्याला बाहेर यायला वाट करून देते. पोटॅशियम कार्बोनेट तेलाला पाण्यात मिसळून ठेवते आणि त्यातली मोकळी मेदाम्ले निष्क्रिय करते. मेण यात धुऊन जात नाही आणि साल फाटत नाही. कॉस्टिक सोड्याने मात्र साल तडकते. बाहेरदेशी गरम कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून पिवळा बेदाणा करतात, पण तिथे माल लगेच गंधक देऊन गरम हवेच्या यंत्रात सुकवला जातो. आपल्या उघड्या रॅकवर तो प्रयोग करू नये.

प्रमाण : दर लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. २०० लिटरच्या टाकीला ५ किलो कार्बोनेट आणि ३ लिटर तेल लागते. आधी कार्बोनेट थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा. त्यात तेल बारीक धारेने सोडत जोरात ढवळा. दुधासारखे पांढरे झाले की उरलेले पाणी घाला. क्रम उलटला तर तेल वर तरंगते. मग काही घडांना नुसते तेल लागते आणि काहींना काहीच नाही.

पूर्व भागातल्या बोअरचे पाणी जड असते. त्यातला कॅल्शियम द्रावणातल्या कार्बोनेटला खाली बसवतो आणि तेलाचे फुटके दही होते. हंगाम सुरू होण्याआधी त्याच पाण्यात एक बाटली द्रावण बनवून अर्धा तास ठेवा. वर तेलाचा थर किंवा तळाला पांढरा गाळ दिसला तर गोडे पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरा. कार्बोनेटची पिशवी हवाबंद ठेवा. ते हवेतला ओलावा ओढते, मग तोललेल्या ५ किलोत कार्बोनेट कमी आणि पाणी जास्त असते.

घड २ ते ४ मिनिटे पूर्ण बुडवा, हलकेच हलवा, निथळू द्या. जास्त वेळ बुडवले तर माल लवकर सुकेल हा समज नुकसान करतो. अल्क सालीखाली पोहोचून पेशी मारते आणि तिथेच तपकिरी डाग पडतात. द्रावणाचा सामू ११ च्या आसपास हवा. सामू पट्टी हाताशी ठेवा आणि दर काही क्रेटनंतर तपासा. फुटलेल्या मण्यांचा आंबट रस मिसळत गेला की सामू उतरतो. रस आणि मातीने गढूळ झालेले द्रावण ताजे घालून वाढवत बसू नका, बदला. जुने द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका. डिपिंग करणाऱ्यांनी रबरी हातमोजे आणि चष्मा वापरावा.

रॅकवर

घड एकेरी थरात पसरा, एकावर एक येऊ देऊ नका. दाट भरलेल्या रॅकवर मधल्या घडाभोवतीची हवा दमट होऊन थांबते आणि नेमका तिथलाच माल लाल होतो. रॅकची लांब बाजू वाऱ्याला आडवी हवी. नागज, जुनोनीच्या बाजूला शेड एवढी वाढली ती तिथल्या कोरड्या वाहत्या हवेमुळे. उसाच्या फडाशेजारच्या किंवा पाटालगतच्या शेडला ती हवा मिळत नाही. बाजूंना शेडनेट लावा. थेट ऊन लागले तर मणी सुकतो लवकर, पण हरितद्रव्य उडते आणि भाजलेल्या बाजूचे पडदे एकदम फुटतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिपिंगच्या निम्म्या तीव्रतेच्या द्रावणाची बारीक फवारणी करावी. घडाच्या आतल्या बाजूला, जिथे बुडवताना हवेचा बुडबुडा अडकला होता, तिथवर ती पोहोचली पाहिजे. हवा चांगली असेल तर साधारण दोन आठवड्यांत माल झाडणीला, म्हणजे रॅकवरून झाडून काढायला, येतो.

मार्च-एप्रिलमधला अवकाळी पाऊस ही मोठी धास्ती. पावसात शेडचे पडदे सोडा, पण थांबताच वर करा. बंद पडद्याआडची दमट उबदार हवा पावसाइतकीच घातक आहे. भिजलेल्या मण्यावरचे ओलिएट धुऊन जाते आणि साल पुन्हा पाणी धरून ठेवू लागते. म्हणून रॅक हलवून थेंब झाडा, शक्य असेल तिथे पंखे लावा आणि पृष्ठभाग कोरडा होताच निम्म्या तीव्रतेची फवारणी पुन्हा द्या. आधी फवारून मग थेंब झाडले तर द्रावण वाया जाते.

गंधकाची धुरी

गंधक जाळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू क्विनोनना परत रंगहीन रूपात आणतो आणि पीपीओला अडवतो. पण क्विनोन जोडले जाऊन पक्का तपकिरी झालेला रंग तो पूर्ववत करू शकत नाही. बिघडलेला माल जादा धुरी देऊन सुधारत नाही, फक्त त्यात सल्फाइटचा अंश वाढतो आणि खरेदीदार तो नाकारतो. सल्फाइटने जीवनसत्त्व ब-१ नष्ट होते आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. देशात विक्री की निर्यात, त्यानुसार मर्यादा आधी विचारून घ्या आणि धुरी बंद खोलीतच, माणसे बाहेर काढून द्या. काळ्या बेदाण्याला धुरी नको.

साठवण

झाडणीच्या वेळी पाणी १३ ते १५ टक्के असावे. मूठभर बेदाणा दाबून सोडला की मणी सुटे झाले पाहिजेत. गोळा राहिला तर अजून ओला आहे. पीपीओ आता थांबलेले असते, पण दुसरी क्रिया सुरू होते. तिला विकर लागत नाही. ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि अमिनो आम्ले थेट जोडली जाऊन तपकिरी पदार्थ बनतात. तिला मेलार्ड क्रिया म्हणतात. फेब्रुवारीत दिलेला जादा युरिया इथे दिसतो. उष्णतेने या क्रियेचा वेग वाढत जातो, म्हणून एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात ठेवलेला हिरवा माल महिन्याभरात पिवळट-लाल होतो. विक्री लांबणार असेल तर ४ अंशांच्या आसपासच्या शीतगृहात ठेवा.

शीतगृहातून काढलेले बॉक्स लगेच उघडू नका. थंड मण्यांवर बाहेरच्या हवेतला ओलावा जमतो, मणी चिकटतात आणि बुरशीला जागा मिळते. बंद बॉक्स सावलीत दिवसभर ठेवून आतला माल बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडा, आणि सौद्याला नेण्याआधी मूठ दाबून पुन्हा एकदा तपासा.