कंदिलातल्या एलईडीचा करंट हिशोबाशी जुळत नसेल तर

घरी आकाशकंदील बनवला, आत एलईडी लावले, रेझिस्टन्स नीट हिशोब करून टाकला आणि मल्टिमीटर (पुढं नुसतं मीटर म्हणतो) लावल्यावर आकडा भलताच येतोय, असं झालं तर लगेच टाके उपटायला घेऊ नका. माझा पूर्ण एक रविवार त्यात गेलाय म्हणून सांगतोय.

माझं सर्किट अगदी साधं, 12 व्होल्टचा अडॅप्टर, 6 लाईनी, प्रत्येक लाईनीत 3 पांढरे एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, आणि एक 120 ओहमचा रेझिस्टन्स. पांढरा एलईडी साधारण 3.2 व्होल्ट घेतो, तिघांचे झाले 9.6, उरले 2.4, त्याला 120 नं भागलं की 20 मिलीअँप, आणि 6 लाईनींचे मिळून 120 मिलीअँप. मीटर दाखवत होता 94. मला वाटलं सगळ्याच लाईनी थोडा थोडा कमी करंट घेतायत आणि मी रेझिस्टन्स बदलायला निघालो.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. करंट मोजायला मीटर वायर तोडून मधे घालावा लागतो, आणि मधे घातला की तोही सर्किटचाच भाग होतो. आपल्याकडे बहुतेकांकडे असतो तो पिवळा स्वस्तातला मीटर, त्यात 200 मिलीअँपच्या रेंजला आत साधारण 1 ओहम असतो, 20 मिलीच्या रेंजला 10 ओहम, शिवाय फ्यूज आणि प्रोबच्या वायरींचा थोडा वेगळा. आता 120 च्या जोडीला 10 आले की 20 मिलीअँपची लाईन साडेअठरा दाखवणार, म्हणजे मीटर काढला की करंट परत वाढतो, आणि आपण मात्र तो कमी आहे म्हणून सर्किटमध्ये चूक शोधत बसतो. (20 च्या रेंजवर नुसता 1 दिसला तर घाबरू नका, करंट 19.99 च्या वर गेलाय एवढाच त्याचा अर्थ, रेंज वाढवा.)

माझ्या बाबतीत मी पूर्ण कंदिलाचा करंट 200 च्या रेंजवर मोजत होतो. मीटर, फ्यूज, वायरी मिळून दीड ओहम धरला तर 6 लाईनी चालू असताना 112 च्या आसपास यायला हवे होते. 94 येतात ते 5 लाईनींना. म्हणजे लाईनी कमी घेत नव्हत्या, एक लाईन बंदच होती, आणि कागद चिकटवलेला असल्यामुळे मागच्या बाजूचे तीन एलईडी विझलेत हे दिसलंच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, करंटची रेंज वापरूच नका, रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज मोजा. वायर तोडायची नाही, काही काढायचं नाही, मीटर डीसी 20 व्होल्टवर, दोन प्रोब रेझिस्टन्सच्या दोन पायांवर, आणि जो आकडा येईल त्याला ओहमनं भागा. व्होल्टच्या रेंजला मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे सर्किट आहे तसंच राहतं. सोनेरी पट्टीचा रेझिस्टन्स 5 टक्के इकडेतिकडे असतो, तेवढा फरक सोडून द्या.

आता एकेक लाईन बघत जा. 2.4 च्या जवळ आलं तर ती लाईन ठीक. शून्य आलं तर लाईन कुठंतरी तुटलीय किंवा एखादा एलईडी उलटा लागलाय, लांब पाय प्लसकडे आहे का ते बघा. आणि 5.6 च्या आसपास आलं तर एक एलईडी शॉर्ट झालाय, बाकीच्या दोघांतून 47 मिलीअँप जातोय, लगेच बंद करा, पाव वॅटचा रेझिस्टन्स एव्हाना बोट लावलं तर चटका बसेल एवढा तापलेला असतो. माझ्या सहाव्या लाईनीवर शून्य आलं. टाका बाहेरून गोल दिसत होता पण चकाकी नव्हती, राखाडी पडलेला, आणि एलईडीच्या पायाभोवती केसासारखी गोल चीर. प्रोबच्या टोकानं पाय जरा हलवला की लाईन लुकलुकायची. ड्राय सोल्डर, म्हणजे पायाला नीट न धरलेला टाका. पुन्हा गरम करून नवीन सोल्डर दिलं, झालं.

सगळ्याच लाईनींवर जास्त येत असेल तर अडॅप्टरचं व्होल्टेज मोजा. ट्रान्सफॉर्मरवाला जुना जड अडॅप्टर, वर 12 लिहिलेलं असलं तरी कमी लोडवर 15-16 देतो, आणि 16 आले तर तुमच्या 20 च्या लाईनीत 53 मिलीअँप जातो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा एसएमपीएसवाला हलका अडॅप्टर मागा, तो लोड कमी असला तरी 12 च देतो. मीटरवर बॅटरीचं चिन्ह येत असेल तर आधी 9 व्होल्टची बॅटरी बदला, उतरलेल्या बॅटरीवर मीटर आकडे वाढवून दाखवतो.

करंटच्या रेंजवर मीटर मधे घातल्यावर एलईडी विझले आणि आकडा शून्य, तर मीटरचा फ्यूज उडालाय. हे बहुतेक वेळा स्ट्रिपमुळे होतं, 5050 मापाच्या एलईडींची, एका मीटर लांबीत 60 एलईडीवाली स्ट्रिप दर मीटर लांबीला 1.2 अँप घेते आणि लोक ती 200 मिलीच्या रेंजवर लावतात. त्यासाठी 10 अँपचं सॉकेट आहे, पण स्वस्त मीटरमध्ये त्याला फ्यूजच नसतो, त्यामुळे मोजून झालं की लाल वायर आधी व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला, तशीच ठेवून अडॅप्टरवर प्रोब टेकवलेत तर सरळ शॉर्ट होतो. आणि 230 व्होल्टवर थेट चालणाऱ्या माळा नि बल्ब उघडून यातलं काहीही मोजू नका, त्यातल्या बऱ्याच सर्किटमध्ये नुसता कपॅसिटर असतो, ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे आतल्या प्रत्येक तारेचा शॉक लागू शकतो.

आकडा हळूहळू वर चढत असेल तर ते एलईडी तापल्यामुळे, गरम झाला की तो थोडं कमी व्होल्टेज घेतो आणि करंट एखाद-दीड मिलीअँप वाढतो. कागद लावून, पंधरा मिनिटं चालू ठेवून मगच शेवटचं मोजा. रात्रभर लावायचा असेल तर मी 120 च्या जागी 150 ओहम टाकतो, 16 मिलीअँप होतात, उजेडातला फरक गॅलरीतून कळतही नाही.