फ्लॅटमधला शेफर्ड: सतरंजी, लिफ्ट आणि स्कूटर

जर्मन शेफर्डचं मूळ काम मेंढ्यांना पिकात शिरू न देणं. कुंपण नसलेल्या शेताच्या कडेने तो दिवसभर येरझाऱ्या घालायचा आणि रेषा ओलांडणाऱ्या मेंढीला मागे रेटायचा. हाच कुत्रा टू-बीएचकेत राहायला आला की स्कूटर, सायकली आणि पळणारी पोरं ही त्याची मेंढरं होतात. ‘भरपूर पळवा, आपोआप शांत होईल’ हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच खरा आहे. रोज तासभर पळवलंत तर महिन्याभरात त्याचा दम वाढतो आणि मग दीड तासही पुरत नाही. व्यायाम हवाच, पण स्वस्थ पडून राहणंही मुद्दाम शिकवावं लागतं.

आधी शब्द ठरवा. ‘बस’ हा शब्द मराठी घरात कुत्र्यासाठी निरुपयोगी आहे. पाहुण्यांना ‘बसा, बसा’, भात वाढताना ‘बस, बस’, मुलांना ‘आता बस झालं’. दिवसातून वीसदा हा शब्द कानावर पडतो आणि करायचं काहीच नसतं, त्यामुळे कुत्रा तो ऐकणं सोडून देतो. ‘सिट’ बरा. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा, आजींनीसुद्धा. बरोबर कृतीला ‘येस’ म्हणा, तेही एका सेकंदाच्या आत, आणि त्यानंतरच हात खाऊकडे न्या. हात आधी खिशात गेला तर कुत्रा शब्द ऐकत नाही, हात बघत बसतो.

खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याएवढे तुकडे. मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, ते कुत्र्याला विषारी असतात. जेवढं द्याल तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करा. पट्टा साधा, सहा फुटी. आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा शहरात नकोच, आणि लिफ्टमध्ये तर तो धोकादायक आहे.

पहिला धडा सतरंजीचा. दारापासून दूर, पंख्याखाली जुनी सतरंजी घाला. कुत्रा त्यावर आडवा झाला की पुढच्या दोन पायांच्या मध्ये एक तुकडा ठेवा. तीन सेकंदांनी दुसरा, मग पाच, आठ, बारा. मधूनच पुन्हा तीनवर या. वेळ सतत वाढतच गेली की तो कंटाळून उठतो. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. एका कुल्ल्यावर कलंडला की समजा, खरंच सैल झाला. दोन्ही मागचे पाय पोटाखाली दुमडलेले असतील तर तो फक्त उठायची वाट बघतोय. दाराची बेल आणि कुरियरवाला हे सगळं नंतर, सतरंजीवर दहा मिनिटं जमल्यावर.

लिफ्टमध्ये बहुतेक भांडणं दार उघडताना होतात, कारण दार उघडणं हाच कुत्र्यासाठी ‘धाव’ असा हुकूम होऊन बसतो. दुपारी, वर्दळ नसताना सराव करा. लिफ्ट थांबलेली, दार उघडं: आत जा, खाऊ द्या, बाहेर या, असं दहा वेळा. मग एकच मजला. कुत्रा मागच्या कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये. दार सरकलं की ‘सिट’, तीन तुकडे एकामागून एक, मग दोन सेकंद थांबून बाहेर. तो उठला तर दार बंद होऊ द्या आणि पुन्हा सुरुवात. जुन्या इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट असेल तर शेपटी आणि पंजे जाळीपासून दूर ठेवा.

आता स्कूटर. पाठलाग पळण्याने सुरू होत नाही, टक लावण्याने होतो: मान खाली, तोंड मिटलेलं, कान पुढे. तिथेच अडवायचं. रस्त्यापासून पंचवीसेक मीटरवर, मैदानाच्या कडेला उभे राहा. स्कूटर दिसली, त्याने पाहिलं, की ‘येस’ आणि खाऊ. दोन-तीन दिवसांत स्कूटर दिसताच तो तुमच्याकडे वळू लागला तर दोन मीटर पुढे सरका. चिकन तोंडाजवळ नेऊनही घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. गुपचूप मागे या. पट्ट्याला हिसका मारू नका. स्कूटर आली की गळा दुखतो एवढंच त्याच्या लक्षात राहतं आणि नुसत्या कुतूहलाचं वैर होतं.

गल्लीतल्या कुत्र्यांचं गणित वेगळं. कचराकुंडी आणि रोज खायला मिळण्याची जागा ही त्यांची हद्द, तिथून जाणं टाळा. समोर टोळी आलीच तर पट्टा ताणू नका. ताणलेल्या पट्ट्याने कुत्र्याची छाती वर येते आणि समोरच्यांना ते आव्हान वाटतं. ‘चल’ म्हणत अर्धवर्तुळात वळा आणि चालत निघा, पळू नका.

पिल्लू असेल तर लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडू नका, पण घरातही कोंडू नका. साधारण चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ ओळखी करून घेण्याचा असतो. कडेवर घेऊन रिक्षा, भाजीवाले, मिक्सरचा आवाज, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळं दाखवून आणा.

उन्हाळ्यात डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर फेरी संध्याकाळी. आणि जूनमध्ये एक गोष्ट अचूक होते: स्कूटरवाला रेनकोट घालतो आणि कुत्रा त्याला ओळखत नाही. तेव्हा दोन-तीन दिवस पुन्हा पंचवीस मीटरवरून सुरू करा. छत्री घरात उघडून-मिटून दाखवायला मे महिना बरा.