गोळ्या संपल्या, जळजळ गेलीच नाही

क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूच्या संसर्गासाठी लातूरच्या डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं: 100 मिलिग्रॅम, दिवसातून 2 वेळा, 7 दिवस. बायकोलाही उपचार दिले. पू यायचा थांबला, पण लघवीला जळजळ आणि वृषणामागचा ठणका तसाच. मी मेडिकलवरून आणखी 2 अँटिबायोटिक आणून खाल्ली. ते फार चुकलं. पोट बिघडलं, दुखणं जागेवरच.

3 महिन्यांनी संभाजीनगरला युरॉलॉजिस्टकडे गेलो. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) काही नाही, क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या तसल्याच दुसऱ्या जंतूची पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणीही निगेटिव्ह. (मायकोप्लाझ्मा साध्या कल्चरमध्ये सापडत नाही, म्हणून पीसीआरबद्दल विचाराच.) डॉक्टर म्हणाले, "जंतू गेलेत, पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून बसलेत."

फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलं: उताणं झोपून गुडघे वाकवायचे, पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा, खालचा भाग सैल सोडायचा. केगेल, म्हणजे हे स्नायू आवळायचा व्यायाम, सध्या नको म्हणाल्या, माझे स्नायू आधीच ताठ होते. मोटरसायकलवर शेताला जाणं कमी केलं, चहाही. 6 आठवड्यांनी ठणका उतरला, जळजळ जायला 4 महिने लागले.

लाजेपोटी हे दुखणं बायकोपासून लपवत होतो. सगळं सांगितलं, त्या रात्री कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली.