बंदुकीची अ‍ॅक्शन कशी ओळखायची: बोल्ट, ब्लोबॅक, गॅस वगैरे

अ‍ॅक्शन म्हणजे बंदुकीत काडतूस भरून मागचं तोंड बंद करणारी आणि नंतर उघडणारी यंत्रणा. बोल्ट, लीव्हर, पंप अशी नावं पाठ करत बसू नका, बंदूक कुठलीही असो दोनच गोष्टी बघा. नळीचं मागचं तोंड कशाने बंद राहतं, आणि बार उडाल्यावर ते उघडतं कोण, तुमचा हात की बाराचा स्वतःचा जोर. रायफलच्या चेंबरमधे, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत, दाब ५०,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर जाऊ शकतो, त्यामुळे गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत ते तोंड उघडता कामा नये, सगळी कारागिरी त्यासाठीच आहे.

हाताने चालणाऱ्यांत दुनळी सगळ्यात सोपी, बिजागरीवर मोडून उघडायची, काडतूस घालायचं, मिटायची. बोल्ट म्हणजे तोंड बंद करणारा सरकता दट्ट्या, बोल्ट अ‍ॅक्शनमधे त्याचा दांडा फिरवला की बोल्टचे खुंट खाचेत अडकतात. १८९८ च्या माऊझरमधे मुख्य खुंट पुढे असतात आणि बोल्ट उघडताना स्ट्रायकर (काडतुसाला मागून टोला देणारी सुई) ताणला जातो, ली एनफिल्डमधे खुंट मागे आणि ताण बंद करताना बसतो, म्हणून तिचा बोल्ट भराभर चालतो. लीव्हरवाल्या जुन्या रायफलींत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमधे एकामागे एक असतात, तिथे टोकदार गोळ्या घालू नका कारण टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (टोल्याने पेट घेणारी बुडाची टिकली) टेकतं आणि धक्क्याने ते आतच उडू शकतं. पंपात तेच काम पुढची मूठ मागेपुढे करून होतं.

आपोआप चालणाऱ्यांत खरी गंमत आहे. ब्लोबॅकमधे कुलूपच नसतं, स्लाइडचं (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचं) वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच तोंड दबलेलं राहतं, म्हणून हे .२२ सारख्या हलक्या काडतुसांना शोभतं, ९ एमएमला करायचं तर उझी सबमशीनगनसारखा जड बोल्ट लागतो. १९११ नावाच्या पिस्तुलात तिचा रचनाकार जॉन ब्राउनिंगने नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवली, दोन्ही थोडं अंतर जोडीने मागे जातात, तेवढ्यात गोळी निघून गेलेली असते, मग नळीचा मागचा भाग खाली उतरतो आणि स्लाइड सुटून काडतुसाची रिकामी पुंगळी फेकते. मला तरी यापेक्षा देखणी रचना दुसरी दिसत नाही, आजची बहुतेक ९ एमएम पिस्तुलं याच तत्त्वावर चालतात. गॅसवाल्या रायफलीत नळीला छोटं भोक असतं, एके-४७ मधे तिथून येणारा गॅस पिस्टन ढकलतो, एम१६ मधे पिस्टनचा दांडा नसतो, गॅस नळकांडीतून थेट बोल्ट कॅरिअरमधे (बोल्ट धरून सरकवणाऱ्या भागात) जातो.

रिव्हॉल्व्हर वेगळंच, त्यात चेंबरच फिरतात. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून कडक गरम गॅस निघतो, बोटं तिथे कधीच नकोत.

आणि हे नीट लक्षात ठेवा, मॅगझीनवालं (काडतुसांची पेटी असलेलं) पिस्तूल रिकामं करताना आधी मॅगझीन काढायचं आणि मगच स्लाइड ओढायची, उलटं केलंत तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझीनमधलं पुढचं लगेच आत बसतं, म्हणून शेवटी चेंबरमधे डोळ्याने बघायचं आणि अंधार असेल तर बोटानेही चाचपायचं.